पॅनोरमासाठी ट्रायपॉड आणि पॅनो-हेड खरंच लागतं का?

तिरपी_फ्रेम (धागाकर्ता):
नमस्कार मंडळी.

पॅनोरमाचा विषय कुठेही निघू द्या, दुसऱ्या-तिसऱ्या प्रतिसादात कोणीतरी येऊन ठणकावून सांगतंच, "ट्रायपॉड नसेल तर नाद सोडा." मग ट्रायपॉडवर लेव्हलिंग बेस, त्यावर पॅनो-हेड (कॅमेरा नेमक्या बिंदूभोवती फिरवणारं डोकं), त्यावर कॅमेरा पुढेमागे सरकवायचा स्लाइडर. बॅगेत एवढं लोखंड भरल्यावर कॅमेरा धरायला वेगळा माणूस ठेवावा लागेल.

माझं मत सरळ आहे. डोंगररांग, तलाव, समुद्र, उंचावरून दिसणारं शहर असलं काही असेल तर कॅमेरा हातात उभा धरावा, तीसेक टक्के ओव्हरलॅप ठेवून पटापट फोटो काढावेत आणि सॉफ्टवेअरच्या गळ्यात मारावेत. जोड शोधून सापडत नाही.

एकच गोष्ट छळते. समोर गच्चीचा कठडा, पायाखालची फरशी किंवा जवळची फांदी आली की तिथे हमखास काहीतरी तुटतं. कठड्याचा आडवा गज मध्येच दोन बोटं खाली उतरतो आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढे चालू लागतो. सॉफ्टवेअर बदलून पाहिलं. तुटायची जागा बदलली, बाकी जैसे थे.

तर हे ट्रायपॉडशिवाय टाळता येतं का? आणि तुम्ही प्रत्यक्षात काय करता? पुस्तकी उत्तर नको, अनुभव सांगा.

कडेलोट:
पॅनोरमाचा धागा आणि एकही फोटो नाही? निषेध!

अवजड_बॅग:
ते लोखंड वाहणारे लोक म्हणजे मीच, तेव्हा उत्तर द्यायचा पहिला मान माझा.

तुमचा प्रश्न सॉफ्टवेअरचा नाहीच. एक डोळा मिटा, तोंडासमोर बोट धरा आणि मान डावी-उजवीकडे फिरवा. बोट मागच्या भिंतीवर सरकताना दिसेल, कारण मान फिरते तेव्हा डोळा जागचा हलतो. कॅमेऱ्याचं तेच होतं. पहिल्या फ्रेममध्ये कठड्याच्या गजामागे झाड आहे आणि दुसऱ्या फ्रेममध्ये त्याच गजामागे आभाळ आहे, तर सॉफ्टवेअरने कोणाचं ऐकायचं? झाड जुळवलं की गज तुटतो, गज जुळवला की झाड दोनदा उगवतं. हाच पॅरलॅक्स.

आता आकडे. फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या फ्रेमएवढा सेन्सर), २४ मेगापिक्सेल, ५० मिमी लेन्स. फिरण्याचा अक्ष योग्य जागेच्या १० सेमी मागे आहे आणि दोन फ्रेममध्ये २० अंश फिरलात असं धरा. लेन्स साडेतीन सेमीच्या आसपास बाजूला जाते. त्यामुळे १ मीटरवरची वस्तू अगदी लांबच्या पार्श्वभूमीवर सुमारे २९० पिक्सेल सरकते. १० मीटरवरची २९. १०० मीटरवरची ३. म्हणजे डोंगर-तलावाबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, तिथे माझं लोखंड म्हणजे निव्वळ व्यायाम. पण कठडा १ मीटरवर असतो हो.

फिरवायचं ते एन्ट्रन्स प्युपिलभोवती. लेन्समध्ये समोरून डोकावलं की ॲपर्चरचं भोक जिथे असल्यासारखं दिसतं, ती जागा. बरेच जण तिलाच नोडल पॉइंट म्हणतात, चालायचंच. ती शोधायला एक काठी हातभर अंतरावर उभी करा आणि लांबचा एखादा खांब तिच्याशी एका रेषेत आणा. मग कॅमेरा उजवीकडे फिरवा. काठी खांबाच्या डावीकडे गेली तर कॅमेरा स्लाइडरवर मागे घ्या, उजवीकडे गेली तर पुढे. फ्रेमच्या दोन्ही टोकांना दोघं एकमेकांना चिकटून राहिले की तिथे खूण करून ठेवा. झूम लेन्स असेल तर प्रत्येक फोकल लेंथची खूण वेगळी, कारण झूम फिरवलं की ही जागा पुढेमागे होते.

कडेलोट:
बोट धरून मान फिरवून पाहिली. ऑफिसात सगळे बघतायत.

खिशातला_कॅमेरा:
इतकं गणित? मी फोनचा पॅनो मोड लावते आणि गोल फिरते. कठडा तुटत नाही, वाकतो. वाकलेला चालतो मला.

फोनमध्ये तो का तुटत नाही याचं उत्तर मला नंतर कळलं. फोन अख्खी फ्रेम घेत नाही, मधली अरुंद पट्टी उचलतो आणि पट्टीला पट्टी लावत जातो. शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये फोन जेमतेम हललेला असतो, त्यामुळे फरक थोडा-थोडा वाटला जातो. त्याची किंमत वेगळीकडे मोजावी लागते. दृश्यात काही हलत असेल तर संपलंच. माझ्याकडे एका कुत्र्याचा फोटो आहे, त्याला पाच पाय आहेत आणि शेपूट नाही.

फोनवाल्यांसाठी थोडं: हात लांब करून फिरू नका, कोपरं अंगाला लावा. हात लांब केला की फोन मोठ्या वर्तुळात फिरतो, म्हणजे वर अवजड_बॅग म्हणतात तो घोळ वाढतो. सुरुवातीच्या फ्रेमवर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर एका टोकाला दुपार आणि दुसऱ्या टोकाला संध्याकाळ. आणि उंच झाड किंवा धबधबा असेल तर फोन आडवा धरून खालून वर न्या. पॅनोरमा आडवाच असला पाहिजे असं कोणी सांगितलंय?

सायंतारा:
खिशातला_कॅमेरा, पाच पायांचं कुत्रं टाका इथे, निदान कडेलोटांचा निषेध तरी संपेल.

हलणाऱ्या गोष्टींबद्दल माझी एक सवय. रस्त्यावर माणसं डावीकडून उजवीकडे चालत असतील तर मी फ्रेम उजवीकडून डावीकडे घेत जाते. त्यांच्याच दिशेने गेलं तर तोच माणूस प्रत्येक फ्रेममध्ये सोबत येतो आणि शेवटी एकाच कुटुंबातले चार जुळे भाऊ रांगेत दिसतात.

जुनी_रीळ:
जुळ्या भावांवरून आठवलं. (अवांतर आहे, पण राहवत नाही.)

१९०४ साली पेटंट झालेला सर्कट नावाचा कॅमेरा होता. चावी दिली की अख्खा कॅमेरा ट्रायपॉडवर गोल फिरायचा आणि आतली फिल्म त्याच हिशोबाने एका फटीसमोरून सरकायची. शाळांचे, पलटणींचे लांबलचक ग्रुप फोटो त्याने निघायचे. कॅमेरा एका टोकाकडून दुसरीकडे जायला वेळ घ्यायचा, त्यामुळे एक खोडी ठरलेली: पहिल्या टोकाला उभ्या असलेल्या पोराने आपला फोटो झाला की रांगेच्या मागून धूम ठोकायची आणि दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा उभं राहायचं. एकाच फोटोत दोन्ही टोकांना तोच चेहरा.

त्या फोटोंमध्ये रांगा सरळ दिसतात ना? प्रत्यक्षात माणसांना कॅमेऱ्याभोवती कमानीत बसवलेलं असायचं. सरळ रांगेत बसवलं तर मधले जवळ म्हणून मोठे आणि टोकाचे लांब म्हणून बारीक यायचे. आजही फोनने समोरच्या सरळ भिंतीचा पॅनो काढा, भिंत मध्ये फुगून दोन्ही टोकांना निमुळती होते. तो फोनचा दोष नाही.

नंतर वाइडलक्स आला. त्यात कॅमेरा स्थिर, आत लेन्स फिरते आणि फिल्म वक्र पट्टीवर ताणलेली, १४० अंश एका झटक्यात. माझा जीव मात्र १९९८ च्या हॅसलब्लाड एक्सपॅनवर. साध्या ३५ मिमी रिळावर २४ × ६५ मिमीची फ्रेम, काही फिरत नाही, काही जोडायचं नाही. तुमचं हे शिवणकाम बघितलं की वाटतं, आम्ही सुखी होतो.

कडेलोट:
म्हणजे फोटोबॉम्बिंगचा शोध १९०४ चा. नोंद घेतली आहे.

टोकाचा_बिंदू:
अवजड_बॅग यांच्या मुद्द्याशी सहमत, पण "प्रश्न सॉफ्टवेअरचा नाहीच" हे जरा जास्त होतंय.

सॉफ्टवेअर आधी प्रत्येक फोटोत ओळखता येण्याजोगे बारके तपशील शोधतं. त्यासाठी डेव्हिड लो यांची सिफ्ट ही पद्धत १९९९ मध्ये आली. मॅथ्यू ब्राउन आणि लो यांनी २००३ मध्ये दाखवलं की फोटो कुठल्याही क्रमाने ओतले तरी कोणाचा शेजारी कोण हे संगणक स्वतः ठरवू शकतो. त्यातून ऑटोस्टिच हे सॉफ्टवेअर आलं. त्याआधी हातात माउस धरून एकेक कंट्रोल पॉइंट (दोन फोटोंतली तीच जागा दाखवणारी खूण) लावत बसायचो. जुळलेल्या जोड्यांत चुकीच्या जोड्या असतातच, त्या बाजूला काढायला रॅन्सॅक, तो १९८१ चा. मग फोटो वाकवून एकमेकांवर बसवायचे, एक्स्पोजर सारखं करायचं आणि शेवटी शिवण कुठून न्यायची ते ठरवायचं.

धागाकर्त्यांच्या कामाचा भाग हा शेवटचा. शिवण सरळ रेषेतच जावी असं कुठे आहे? हगिन (फुकट, आणि १९९८ मध्ये हेल्मुट डेर्श यांनी लिहिलेल्या पॅनोरमा टूल्सच्या पायावर उभं) किंवा पीटीगुइ (विकतचं) घ्या. दोन्हींत मास्क रंगवता येतो. एका फ्रेममधला गजाचा तुकडा लाल करून टाकला की ते सॉफ्टवेअर तो दुसऱ्या फ्रेममधून घेतं आणि शिवण गवतातून, झुडपातून, खांबाच्या काठाने नेतं. गवतात दहा-वीस पिक्सेलची चूक कोणाच्या बापाला दिसत नाही. सरळ गजात दोन पिक्सेलची दिसते.

आणखी एक. समुद्र असेल तर आपोआप लागलेले कंट्रोल पॉइंट एकदा डोळ्यांखालून घाला. लाटांवर आणि ढगांवर लागलेले उडवा. दुसऱ्या फोटोपर्यंत ती लाट तिथे नसते, पण सॉफ्टवेअर निष्ठेने तिला जुळवत बसतं आणि मग क्षितिज हेलकावे खातं.

अवजड_बॅग:
@टोकाचा_बिंदू, मान्य. पण २९० पिक्सेल मास्कने झाकणं म्हणजे कठडा नव्याने रंगवणंच. मी तो वेळ डोंगर चढण्यात घालवीन.

टोकाचा_बिंदू:
लोखंड घेऊन?

अवजड_बॅग:
:)

शून्यलब्धी:
तांत्रिक चर्चा छान चालली आहे, तरी एक विचारतो. पॅनोरमा बघतं कोण?

हिशोब करा. ५० मिमी लेन्सने पूर्ण गोल पॅनो घेतला, उभ्या फ्रेमची एक रांग. अवजड_बॅग यांचा २४ मेगापिक्सेलचाच कॅमेरा घेऊ. चित्र निघतं सुमारे ५२,००० पिक्सेल रुंद आणि ६,००० उंच. ते १,०८० पिक्सेल रुंद फोनवर उघडलं की उंची उरते १२५ च्या आसपास. नखाएवढी. छापायचं म्हटलं तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साडेचौदा फूट लांब. म्हणजे एकतर दिसत नाही, नाहीतर मावत नाही.

दुसरं म्हणजे, बहुतेक पॅनोरमांमध्ये विषयच नसतो. समोर भव्य काहीतरी दिसतं, फ्रेममध्ये मावत नाही, म्हणून सगळंच घ्यायचं. डावीकडे डोंगर, मध्ये डोंगर, उजवीकडे डोंगर. डोळा कुठे थांबायचा? तिथे उभं असताना आपल्याला भव्य वाटतं कारण आपण मान फिरवतो, वारा लागतो, खाली खोल दिसतं. पट्टीत त्यातलं काही येत नाही. त्यापेक्षा टेलीफोटो लावून एकच कडा नीट काढावा.

कडेलोट:
आग लागली रे लागली. मी पुढच्या रांगेत बसलोय.

सायंतारा:
शून्यलब्धी, विषय नसतो हे बऱ्याचदा खरं आहे, आणि ते मला झोंबलं म्हणून लिहितेय.

पण जोडकाम म्हणजे लांब पट्टीच असं कुठे आहे? मी हल्ली जास्त करून दोन रांगा, प्रत्येकीत तीन फ्रेम घेते आणि शेवटी चित्र ३:२ किंवा ४:५ मध्येच कापते. ५० मिमी लेन्सने वाइड लेन्सचं दृश्य मिळतं, तपशील भरपूर आणि कडा वाइड लेन्ससारख्या ताणलेल्या नाहीत. जंगलात तर हेच करते. बघणाऱ्याला सांगितल्याशिवाय कळत नाही की हा जोडलेला फोटो आहे.

पोर्ट्रेटमध्येही चालतं. रायन ब्रेनायझर या फोटोग्राफरमुळे ती पद्धत लोकांना माहीत झाली. ८५ मिमी लेन्स, ॲपर्चर पूर्ण उघडं, माणूस स्थिर उभा. आधी माणसाच्या फ्रेम घ्यायच्या, फोकस लॉक करायचा, मग आजूबाजूचं सगळं एकेक फ्रेम करत गोळा करायचं. जोडल्यावर दृश्य वाइड लेन्सचं, पण पार्श्वभूमी अशी विरघळलेली, की त्या रुंदीला तशी देणारी लेन्स शोधायला गेलात तर सापडायची नाही. माणूस हलला तर पहिल्या दोन फ्रेममध्येच काय ते बिघडतं, बाकी झाडंझुडपं बिचारी थांबतात.

शून्यलब्धी:
हे मात्र पटलं. पट्टी हीच माझी तक्रार होती. पहिल्या परिच्छेदावर ठाम आहे.

निळाई:
एका गोष्टीवर अजून कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते: पोलरायझर काढा!

निळ्याभोर आभाळाच्या लोभाने बरेच जण तो फिल्टर लावून पॅनो घेतात. आभाळातला प्रकाश सगळीकडे सारखा पोलराइज झालेला नसतो, सूर्यापासून ९० अंशांवर सर्वांत जास्त असतो. साध्या फोटोत ते खपून जातं. १८० अंशांच्या पॅनोत आभाळाच्या मध्ये एक गडद निळा पट्टा येतो, दोन्ही बाजूंना फिकट. कुठलंही सॉफ्टवेअर ते नीट करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने जोड अचूक आहे. आभाळच तसं टिपलंय.

बाकी नेहमीचं: एक्स्पोजर मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स एकच, आयएसओ पक्का, एकदा फोकस करून तो मॅन्युअलवर टाकायचा. एक्स्पोजर ठरवताना आधी कॅमेरा पूर्ण टप्प्यावर फिरवून सर्वांत उजळ भाग पाहायचा आणि तो जळणार नाही असं ठेवायचं. सावलीतलं रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या) फाइलमधून वर काढता येतं, पांढरं फटक झालेलं परत येत नाही.

अवजड_बॅग:
+१ पोलरायझरला. त्यात भर घालतो: मालिका सुरू करण्याआधी आणि संपल्यावर लेन्ससमोर पंजा धरून एकेक फोटो घ्या. घरी आल्यावर शेकडो सारख्या फ्रेममधून कुठला पॅनो कुठे संपला ते पंजावरून कळतं.

आणि क्षितिज मध्यावर ठेवा. आभाळ जास्त हवं म्हणून कॅमेरा वर झुकवून एकच रांग घेतली की जोडलेलं चित्र कमानीसारखं वाकतं. सरळ करता येतं, पण वरखाली कापावं लागतं आणि ज्या आभाळासाठी कॅमेरा झुकवला तेच जातं. त्यापेक्षा वर आणखी एक रांग घ्या.

मोगरी:
नवीन आहे, मूर्ख प्रश्न असेल तर माफ करा. जोडताना सॉफ्टवेअर विचारतं: सिलिंड्रिकल, स्फेरिकल की पर्स्पेक्टिव्ह. मी दर वेळी डोळे मिटून एक निवडते. कुठलं बरोबर?

टोकाचा_बिंदू:
मूर्ख प्रश्न मुळीच नाही, जाणते लोकही तिथे डोळेच मिटतात.

गोल दृश्य सपाट कागदावर मांडायचं तर काहीतरी वाकणारच. काय वाकलेलं चालेल एवढंच आपण निवडतो. पर्स्पेक्टिव्हमध्ये सगळ्या सरळ रेषा सरळ राहतात, म्हणून इमारतींना चांगलं. पण दृश्य १०० अंशांच्या वर गेलं की कडा रबरासारख्या ताणल्या जातात, १२० च्या पुढे बघवत नाही. सिलिंड्रिकलमध्ये उभ्या रेषा सरळ राहतात, आडव्या वाकतात, फक्त क्षितिज सरळ राहतं. एका रांगेच्या निसर्गचित्राला तेच घ्या. स्फेरिकल हे वर-खालीही खूप घेतलं असेल तेव्हा. पूर्ण गोलाचं चित्र बरोबर २:१ प्रमाणात येतं आणि व्हर्च्युअल टूरला तेच लागतं.

मोठ्या दालनांसाठी हगिनमध्ये पनीनी नावाचं प्रोजेक्शन आहे. अठराव्या शतकातल्या इटालियन चित्रकाराचं नाव. त्याची प्रशस्त अंतर्दृश्यं बघा, किती रुंद आहेत आणि तरी कुठे ताण नाही. तोच परिणाम साधतो.

मोगरी:
धन्यवाद! वाखु (वाचनखूण) साठवली.

जुनी_रीळ:
शून्यलब्धींनी विचारलं पॅनोरमा बघतं कोण. मंगळावरचे बघतो ना आपण सगळे.

क्युरिऑसिटी रोव्हरने २०१९ मध्ये २४ नोव्हेंबर ते १ डिसेंबर या काळात हजाराच्या वर फोटो घेतले. ते जोडून नासाने मार्च २०२० मध्ये १.८ अब्ज पिक्सेलचा पॅनोरमा प्रसिद्ध केला. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे फोटो रोज तिथल्या दुपारी १२ ते २ याच वेळात घेतले, उजेड सारखा राहावा म्हणून. निळाई यांनी वर लिहिलेलं "एक्स्पोजर पक्कं" तिथेही चुकलेलं नाही.

कडेलोट:
तिथे रांगेमागून धावत जाऊन दुसऱ्या टोकाला उभं राहणारं कोणी नव्हतं हे बरं.

खिशातला_कॅमेरा:
धागाकर्ते कुठे गायब झाले? मूळ प्रश्न होता ट्रायपॉडशिवाय कठडा वाचवता येतो का, आणि आपण मंगळावर पोचलो.

सायंतारा:
खरंच की. त्याचं उत्तर आहे माझ्याकडे, आधीच लिहायला हवं होतं.

लेन्सच्या पुढच्या भागाला, साधारण एन्ट्रन्स प्युपिल येईल तिथे, रबर बँडने एक दोरा बांधा आणि दोऱ्याच्या टोकाला छोटं वजन. ते जमिनीपासून जरासं वर लोंबलं पाहिजे. खाली फरशीवर एक खडा ठेवा. आता वजन खड्याच्या बरोब्बर वर ठेवून तुम्ही कॅमेऱ्याभोवती फिरायचं, कॅमेरा तुमच्याभोवती नाही. प्रत्येक फ्रेमला पाय बाजूला टाका, वजन स्थिर होऊ द्या, क्लिक. आपण एरवी टाचेवर गोल फिरतो, तेव्हा लेन्स फूटभर त्रिज्येच्या वर्तुळात फिरते. दोऱ्याने ती चूक दोन-तीन सेमीवर येते. दोऱ्यामुळे उंचीही सारखी राहते, हे वर. लोक हसतात, पण कडेलोट यांच्या ऑफिसात हसले त्यापेक्षा कमी.

अवजड_बॅग:
दोऱ्याचा उपाय चांगला आहे, मीही बॅग आणलेली नसते तेव्हा वापरतो. मर्यादा सांगतो: उजेड पुरेसा हवा. दोरा हाताचा कंप थांबवत नाही. संध्याकाळ झाली, शटर १/३० च्या खाली गेलं की ट्रायपॉड लागतोच. आणि बंद खोलीत, जिथे सगळंच दोन मीटरच्या आत असतं, तिथे दोन सेमीही महागात पडतात.

तिरपी_फ्रेम (धागाकर्ता):
गायब नव्हतो, दोरा बांधत होतो.

गच्चीवर, तोच कठडा, ५० मिमी, उभ्या फ्रेम. आधी नेहमीसारखा टाचेवर फिरून एक, मग दोरा लावून दुसरा. पहिल्यात गज चार ठिकाणी तुटला. दुसऱ्यात एका ठिकाणी किंचित सरकलाय, तोही मोठं करून पाहिल्यावर. तिथे टोकाचा_बिंदू यांनी सांगितलेला मास्क मारला आणि शिवण खांबाच्या कडेने गेली. बायकोला दाखवला, तिला जोड सापडला नाही. (ती शोधत नव्हती हा भाग वेगळा.)

त्यामुळे माझं मत थोडं बदलून असं: बाहेर, उजेडात, लोखंड नको, दोरा हवा. घरातल्या फोटोंसाठी अवजड_बॅग जिंकले. शून्यलब्धींचा प्रश्न अजून डोक्यात आहे, कारण पूर्ण गोल जोडल्यावर ती पट्टी लावायची कुठे हे मलाही कळलेलं नाही. आता मी तिचे तीन वेगळे फोटो कापणार आहे.

एक नवीनच अडचण: जोडलेली फाइल पीएसडीत (फोटोशॉपच्या नेहमीच्या फाइलप्रकारात) सेव्ह होत नाही. डिस्कवर जागा भरपूर आहे.

टोकाचा_बिंदू:
पीएसडीची कमाल मर्यादा प्रत्येक बाजूला ३०,००० पिक्सेल. तुमची ५२,००० च्या आसपास असणार. पीएसबी (फोटोशॉपचाच मोठ्या फाइलींचा प्रकार) निवडा, तिथे ३,००,००० पर्यंत चालतं. जेपेग ६५,५३५ पर्यंत जातं, म्हणजे तेही होईल, पण पुढे काम करायचं असेल तर आठ बिटचं जेपेग ठेवू नका. आभाळात पट्टे दिसायला लागतात.

कडेलोट:
आणि ते तीन कापलेले फोटो इथे टाका. कठड्यासकट.